शिवकन्येवर राज्य

पाळण्याच्या दांडीचं काळं ग्रीस. साबणानं धुतलं तरी दोन दिवस बोटांच्या रेषांत राहतं.

मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या अंगाला, बोटभर रुंदीची उभी पट्टी. तिथं केस येत नाहीत. आई वेणी घालताना आजूबाजूचे केस तिच्यावर ओढून घेते.

चिमण्या दिसतात. ऐकू येत नाहीत.

बानाबाईच्या नंबरावर एक बाई सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही. मराठीत सांगते, हिंदीत सांगते, इंग्रजीत सांगते. शिवकन्या तिन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकून घेते.

गोदाच्या जांभळ्या चपला. शिवकन्येच्या मांडीवर.

"बच्ची कू बीच में लेव."

यातलं शेवटचं तेवढं पाळणेवाला बोलला. बाकीचं त्याच्या आधीचं आहे किंवा नंतरचं. शिवकन्येच्या डोक्यात गोष्टी रांगेत उभ्या राहत नाहीत, रेशनच्या दुकानासारखी ढकलाढकली करतात, आणि जी मागं असायला हवी तीच पुढं येते. तर कर्णपुऱ्याची जत्रा होती, नवरात्रातली, संध्याकाळची. चार मुली आकाशपाळण्यात चढत होत्या: शिवकन्या, तिच्या गल्लीतली गोदा, आणि कॉलेजातल्या दोघी. शिवकन्येला श्रावणात अठरा पूर्ण झाली होती. पाळणेवाल्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्यानं फक्त उंची पाहिली, एका हातानं तिला दंडाखाली धरून उचललं, गोदाच्या आणि दुसरीच्या मध्ये ठेवलं, आणि ते वाक्य म्हणून दांडी लावून घेतली. यात काही विशेष नव्हतं. माणसाचा गैरसमज झाला. बाजारात रोज होतो. बांगडीवाला तिच्यासमोर लहान मापाचा डबा उघडतो, रिक्षावाला तिला कुणाच्या तरी मांडीवर बसवायला सांगतो. विशेष ते पुढचं. कुणी हसलं नाही.

ही गोष्ट तिला पाळणा वर जाताना कळली. आताच, तिकिटाच्या रांगेत, त्या दोघींपैकी एकीची ओढणी कुल्फीच्या गाड्यात अडकली होती आणि तिघी पोट धरून हसल्या होत्या. महिनाभर त्या ओढणीवरून तिला छळणार होत्या, तसं ठरलंच होतं. आणि अठरा वर्षांच्या मुलीला बच्ची म्हणून उचलून ठेवलं, तर कुणाच्या ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. एकीनं खाली बघितलं. एकीनं जत्रेकडं. गोदानं हात मागून फिरवून शिवकन्येच्या पाठीवर ठेवला. मऊ हात. पाळणा वर गेला, छावणीची काळी झाडं खाली गेली, देवीच्या दिव्यांची माळ तिरपी झाली, आणि खाली येताना बाकीच्या तिघी किंचाळल्या. शिवकन्येची किंकाळी निघाली तोवर पाळणा पुन्हा वर चालला होता. तिचं सगळं असं, एक फेरा उशिरा. तेव्हाही कुणी हसलं नाही. गोदानं हात थोडा दाबला, भिऊ नको अशा अर्थी. शिवकन्या भ्यायली नव्हती. तिला वाटत होतं की गोदानं हसावं. इतकं वाटत होतं, की उपाशी माणसाला शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास यावा तसं ते पोटातून वर येत होतं. हस ना गं. बच्ची म्हण मला. महिनाभर म्हण.

आजार झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. मेंदूत गाठ होती, मागच्या बाजूला, जिथून माणूस तोल सांभाळतो तिथं. गाठ काढली, मग किरणांनी शेकलं, मग औषधं. गाठ गेली. जाताना तिनं बारीकसारीक सामान उचलून नेलं: थोडी उंची, थोडं ऐकू येणं, थोडा वेग. घरात मात्र या सामानाबद्दल कुणी बोलत नसे. पोरगी वाचली, असं म्हणत. पाचोडहून पाहुणे आले की आई, आशाबाई, तिला समोर बसवायची आणि ते म्हणायचे, देवानं दिली बरं परत. शिवकन्येला वाटे, देवानं परत दिली ती नेमकी कुणाला. कारण गल्लीनं तर घेतली नव्हती. उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत संध्याकाळी वीसेक पोरं खेळत. टोपी घालून ती पहिल्यांदा खाली उतरली त्या दिवशी सगळ्या आयांनी आपापल्या पोरांना आधीच दम भरून ठेवला होता, आणि पोरांनी घोळका करून एका मिनिटात निकाल दिला. शिवकन्या दूधभात. दूधभात म्हणजे लहानग्या भावंडाला खेळात घेतात तसं. तो पळतो, लपतो, पण सापडला तरी बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. दोन-तीन वर्षांच्या पोरांसाठीची ही सोय आहे. ती पोरं वर्षभरात मोठी होतात आणि एक दिवस कुणीतरी ओरडतं की आता याच्यावर राज्य. शिवकन्या पाण्याच्या टाकीमागं लपायची. राज्य असलेला पोरगा तिथवर यायचा, त्याची सावली तिच्या पायांवर पडायची, दोघांची नजरानजर व्हायची, आणि तो जणू टाकीमागं टाकीच आहे असं बघून पुढं जायचा. एकदा ती स्वतःहून बाहेर आली आणि त्याच्या समोर उभी राहून म्हणाली, मी सापडले. तो म्हणाला, हो हो, पळ तू. तिच्या मागची पोरं मोठी झाली. गल्लीतला खेळ बंद पडला. तिच्यावर राज्य आलंच नाही.

आणि वॉर्डात? नाही, वॉर्डाचं हे कुणाला सांगण्यासारखं नाही. आईला सांगितलं तर ती रडत बसेल. आईसाठी तो वॉर्ड म्हणजे नुसता फिनेलचा वास, आणि खुर्चीत बसून काढलेल्या रात्री. शिवकन्येला त्या वॉर्डाची आठवण यायची, लोकांना आजोळची येते तशी. तिथं सगळेच टकले होते. सगळ्यांचाच तोल जायचा. सगळीच पोरं उलट्या करायची, म्हणून उलटी झाली की कुणी तोंड फिरवत नसे. उलट कुणाची लांब गेली यावर वाद होई. तिथं मंजुळा होती. अजिंठ्याच्या बाजूची, मेंढरं राखणाऱ्यांची पोर, सोबत आजी बानाबाई. मंजुळानं पहिल्याच दिवशी शिवकन्येकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "तुजं टकुरं घागरीवानी हाय." शिवकन्येनं विचार केला. विचाराला वेळ लागला, मंजुळा थांबली. मग शिवकन्या म्हणाली, तुझं वांग्यासारखं आहे. दोघी हसल्या, आणि बानाबाई दोघींनाही ओरडली. सलाईनचा दांडा ढकलत लपंडाव चालायचा आणि मंजुळा लबाडी करायची, बोटांच्या फटीतून बघायची, राज्य सारखं शिवकन्येवरच आणायची. शिवकन्या रडायची. सिस्टरकडं चुगली करायची. मग मंजुळा कट्टी घ्यायची, करंगळी करंगळीला लावून, ओठांनी फुर्रर्र करून, आणि एक अख्खा दिवस भिंतीकडं तोंड करून झोपायची. तो दिवस. त्या दिवसाची भिंत, तिच्यावरचा पोपटी रंग, आणि पाठमोरी मंजुळा. एवढी पाठ कुणी तिच्याकडं पुन्हा फिरवली नाही.

घरी गेल्यावर वर्षभर फोन चालले. बानाबाई फोन कानाला उलटा धरायची, मंजुळा मागून शिव्या द्यायची. मग नंबर लागेना.

कॉलेजात मुली चांगल्या आहेत. खरंच चांगल्या आहेत, त्यांना नाव ठेवण्यासारखं काही नाही. जिना उतरताना कुणीतरी आपणहून हात देते. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये ती आहे. फक्त तिकडं बोलणं इतकं पळतं की ती उत्तर टाईप करेपर्यंत विषय तीन घरं पुढं गेलेला असतो, आणि तिचं वाक्य शेवटी एकटंच उभं राहतं, बस निघून गेल्यावर स्टॉपवर राहिलेल्या माणसासारखं. मग कुणीतरी त्याखाली एक हात जोडलेलं चित्र टाकते. वाढदिवसाला सगळ्या येतात. दिवाणावर ओळीनं बसतात, केक खातात, काकू छान झालाय म्हणतात आणि एकदमच उठतात. दार लागतं. मग जिन्यातून, पहिल्या मजल्याच्या वळणावरून, हसू फुटलेलं ऐकू येतं. तेवढं मात्र शिवकन्येला ऐकू येतं, कारण ते जाड आवाजाचं असतं. त्या तिला हसत नसतात. हे तिला ठाऊक आहे. तोच तर घोळ आहे.

गोदाचं वेगळं होतं. गोदा रोज पहाटे तिला न्यायला यायची. डॉक्टरांनी शिवकन्येला चालायला सांगितलं होतं, आणि गोदा नेमानं तिला मैदानावर फिरवून आणायची. गल्लीत तिचं कौतुक होतं. सारजाबाई, गोदाची आई, बायकांत बसली की म्हणायची, आमच्या गोदीनं मागल्या जन्मी लई पुण्य केलं असंल. पण मैदानावर चालणं होत नसे. गोदा चपला काढून शिवकन्येच्या मांडीवर टाकायची, शिवकन्येच्या पिशवीतून बूट काढून घालायची आणि पळायची. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. घरात विषय काढायची सोय नव्हती. सारजाबाईला पोरगी उन्हात करपून जाईल याची काळजी, आणि दसऱ्यानंतर पाचोडकडचे पाहुणे बघायला येणार होते. बूट शिवकन्येच्या कपाटात राहत, शिवकन्येच्या कपड्यांच्या मागं. शिवकन्या पायरीवर बसून चपला सांभाळायची, फेरे मोजायची, चुकायची. गोदा धापा टाकत यायची, पाणी प्यायची आणि तिच्या खांद्याला हात टेकवून वाकायची. घामाचा वास यायचा. त्या वेळी शिवकन्या खांदा ताठ ठेवायची. तिच्या अख्ख्या दिवसात कुणीतरी तिच्यावर भार टाकायचं ते तेवढंच. हे गुपित फुटेल अशी भीती गोदाला कधी वाटली नाही. शिवकन्या कुणाला काय सांगणार. शिवकन्येला वाटायचं, हा विश्वास आहे. पाळण्यात, गोदाचा हात पाठीवर असताना, तिच्या लक्षात आलं की हा विश्वास नसेलही. टाकीमागं सावली येऊन गेली तसंच हेही असेल.

तिनं एक दिवस घेतला. एवढं मोठं वाक्य तिला ऐन वेळी जमलं नसतं, म्हणून तिनं ते पाठ केलं. आंघोळ करताना म्हटलं, आरशात म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोन घरं सोडून सारजाबाईकडं गेली. सारजाबाई उपासाची भगर निवडत होती. ये गं बाई, म्हणाली, बस, केळं खा. शिवकन्या बसली नाही. बसलं असतं तर वाक्य सांडलं असतं.

"मावशी, गोदा मला फिरवत नाय. ती भरतीसाठी पळती. मी चपला धरून बसते."

सारजाबाईचा हात ताटात थांबला. कवापासून, एवढंच तिनं विचारलं. उन्हाळ्यापासून, शिवकन्या म्हणाली. बूट कुठं आहेत तेही सांगितलं. ते पाठ केलेल्यात नव्हतं; ते आपोआप निघालं, आणि निघताना तिला आपल्या जिभेचा वेग जाणवला. भिंतीला हात लावत ती घरी आली. तिला वाटत होतं की आपण काहीतरी भयंकर केलं, आणि त्या भयंकरात एक गार झुळूक होती.

पुढं जे झालं ते तिनं मोजलं नव्हतं. सारजाबाईनं बूट मागवून घेऊन भंगारवाल्याच्या गाडीत टाकले. गोदाचा बाप, तात्यासाहेब, एरवी गरीब माणूस, त्यानं गोदाचा मोबाइल काढून घेतला आणि तिला खोलीत कोंडलं. मैदानी चाचणीची तारीख त्याच आठवड्यात होती. गोदा दोन दिवस जेवली नाही, पाणी प्यायली नाही, तरी त्यानं दार उघडलं नाही. तारीख गेली. शिवकन्येला हे सगळं आईच्या फोनवरच्या बोलण्यातून कळत होतं, अर्धं. तिनं जेवण सोडून पाहिलं, पण तिला गोळ्या असतात, रिकाम्या पोटी चालत नाहीत; आईनं दटावून चार घास भरवले. तिला गोदा शिपायाच्या कपड्यांत हवी होती. तिनं मनात तिला तसं किती वेळा पाहिलं होतं, चौकात शिटी वाजवताना, शिवकन्येला रस्ता ओलांडायला सगळी वाहनं थांबवताना. नाही, तेही नको. थांबवताना नको. दंड करताना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सारजाबाई गोदाला घेऊन घरी आली. भांडायला नाही; उलट, गल्लीत कुणी शिवकन्येला बोल लावू नये, पोरीला त्रास होऊ नये, म्हणून. आशाबाई तोवर शरमेनं अर्धी झाली होती. ती हात जोडून म्हणाली, लेकरू आहे वो ते, त्याला काय कळतंय कुठं काय बोलावं. बन्सी, शिवकन्येचा बाप, दाराशी उभा राहून मान हलवत राहिला. गोदाचे डोळे सुजले होते, ओठ फुटले होते. तिनं शिवकन्येकडं पाहिलं, मग आशाबाईकडं पाहून म्हणाली, "जाऊ द्या काकू. तिला कळत नाय." आवाज तोच, पाळण्यातल्या हातासारखा मऊ. दोन दिवस उपाशी राहून, तारीख हुकून, तोच आवाज. शिवकन्येला वाटलं आता आपण टाकीच होऊन जाऊ.

"मला कळत व्हतं," ती म्हणाली.

आशाबाईनं तिचा हात धरला, शिवकन्येनं सोडवून घेतला. मी ठरवून सांगितलं, ती म्हणाली, वाक्य पाठ केलं.

गोदानं तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत, मंजुळानं पाहिलं होतं तसं. "कशापायी?"

उत्तर यायला वेळ लागला. सगळे थांबले.

"तू हसली नाहीस," शिवकन्या म्हणाली. "त्यानं मला बच्ची म्हटलं. तू हसली नाहीस."

बाकीच्यांना हे काहीच समजलं नाही. आशाबाईनं सारजाबाईकडं असं पाहिलं की बघा, असं असतं हिचं. पण गोदाच्या तोंडावरून ते मऊपण हळूहळू उतरलं, दुधावरची साय बाजूला सरकावी तसं, आणि खाली जे होतं ते तापलेलं होतं. "लई नीच निघालीस तू, शिवे," ती म्हणाली. सगळी गल्ली तिला शिवू म्हणते. शिवे कुणी म्हणत नाही. "वरीस गेलं माजं. माज्याशी बोलू नको. मेली तरी बोलू नको." आशाबाईनं तोंडावर हात ठेवला. त्या घरात दहा वर्षं तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. मांजर मेलं तरी गेलं म्हणायचे. गोदानं दार आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आई शिवकन्येला कवेत घेऊन थोपटू लागली आणि शिवकन्या तिच्या खांद्यावरून ते कॅलेंडर हलायचं थांबेपर्यंत बघत राहिली.

दिवाळीनंतर तात्यासाहेबानं हार खाल्ली. पाहुण्यांना पुढच्या सालचं सांगितलं. पळायचं तर उजाडल्यावर, आणि माझ्यासमोर, असं ठरलं. गोदाला नवे बूट आले. हेही शिवकन्येला आईच्या फोनवरून कळलं. एक दिवस ती उठली आणि एकटीच निघाली. उस्मानपुऱ्यातून मैदानापर्यंत ती कधी एकटी गेली नव्हती. कंपाउंडांना हात लावत गेली. कुठं भिंत संपली की थांबायची, पुढची भिंत नजरेनं धरायची, मग सुटायची. पायरी तीच होती. तात्यासाहेब मोटारसायकलला टेकून पेपर वाचत होता, आणि पुढच्या चाकाजवळ गोदाच्या चपला पडल्या होत्या, एक उताणी. शिवकन्येला त्या उचलाव्याशा वाटल्या. उलटी चप्पल दिसली की भांडण होतं म्हणतात. ती सरळ करावी एवढंच. पण तिनं नाही केली. मांडी रिकामी ठेवून बसली.

गोदा फेरा घेऊन आली. शिवकन्या दिसली तशी तिनं मान वळवली आणि वेग वाढवला. दुसऱ्या फेऱ्यालाही तेच. त्या वळवलेल्या मानेत केवढी ताकद होती. तिच्यासाठी खर्च होणारी. शिवकन्येला जे हवं होतं ते हेच होतं, आणि ते मिळाल्यावर तिला खांद्यावरचा तो घामट हात इतका हवासा झाला की खांदा आपोआप ताठ झाला. दोन्ही एकाच वेळी कसं मिळतं, हे बाकीच्या मुलींना ठाऊक असावं. त्या भांडतात आणि दुपारी एका डब्यात खातात. तिला अजून पहिलंच जमलं होतं. पुढच्या फेऱ्याला नव्या बुटाचा बंद सुटला, गोदाच्याच पायाखाली आला आणि गोदा, एवढी भरतीतली गोदा, दोन्ही हात हवेत फिरवत चार पावलं नाचली आणि धुळीत बसली.

शिवकन्या हसली. मोठ्यानं. आणि ते हसू वेळेवर आलं, गोदाचं बूड जमिनीला टेकायला आणि ते फुटायला एकच गाठ पडली. तात्यासाहेबानं पेपर खाली केला. गोदा तशीच बसून तिच्याकडं बघत राहिली, लालबुंद, नाकपुड्या फुगवून. मग तिनं बाजूचं ढेकूळ उचललं, एक डोळा बारीक केला, नेम धरला, आणि मारलं. ते शिवकन्येच्या गुडघ्यावर फुटलं. चांगलंच लागलं.

दुसरीत असताना, शिवकन्येला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी, एका खोडरबरावरून गोदानं तिच्याशी कट्टी घेतली होती आणि मर तिकडं म्हणाली होती. त्यानंतर थेट या दसऱ्यापर्यंत गोदा तिच्याशी कधी भांडली नव्हती.